वू जांगचून आणि किमचीचा कोबी



मंडईत कोबीचा गड्डा आपण हातात घेतो, दाबून पाहतो, भाव ठरवतो आणि पिशवीत टाकतो. पण ह्या कोबीचे बी कसे असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. मेथीचे बी मिसळणाच्या डब्यातच असते. माठ, चाकवत, अंबाडी ह्यांचे बी शेतकरी आपल्या घरी धरून ठेवतो. कोबीची गोष्ट वेगळी आहे. कोबीचा गड्डा म्हणजे खरे पाहता एक प्रचंड मोठी मिटलेली कळी होय. कडक थंडी सोसल्यानंतर ही कळी फुटते, तिच्यातून हातभर उंच दांडा वर येतो, त्याला चार पाकळ्यांची पिवळी फुले लागतात आणि मग बारीक शेंगांत बी भरते. ते बी मोहरीच्या दाण्यात मिसळले, तर गृहिणीलाही चटकन वेगळे काढता यायचे नाही.

ती थंडी आपल्याकडे देशावर पडत नाही, म्हणून आपल्या कोबीचे बी नेहमी बाहेरूनच यावयाचे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी बी येईनासे झाले, तेव्हा बलुचिस्तानात क्वेट्ट्याकडे अशा थंड हवेच्या भाज्यांचे बी धरण्याचा उद्योग सुरू झाला. तो मूळ धरतो न धरतो तोच १९४७ साल उजाडले, फाळणी झाली आणि क्वेट्टा सीमेपलीकडे गेले. कुलूच्या खोऱ्यात कटराईंला ते काम पुढे नव्याने उभे करावे लागले. देश स्वतंत्र झाला, पण कोबीचे बी परके झाले, अशी ही मौज आहे.

आपल्याला ह्याची झळ फारशी लागली नाही. कोबी हे आपले जीवन नव्हे. कोबी नसला तर आपण वांगे खातो. पण ज्या देशात कोबीवाचून जेवणच होत नाही, त्या देशावर हाच प्रसंग ओढवला तर काय होईल? कोरियावर तो ओढवला. त्यातून त्या देशाला वाचवण्याचे काम एका अशा माणसाच्या वाट्याला आले की, ज्याच्या बापाला त्याच देशाने राजघातकी ठरवले होते. पालेभाज्यांचा संकर हा विषय प्रयोगशाळेतला समजला जातो. माझ्या मते तो निम्म्याहून अधिक राज्यकारणाचा विषय आहे, आणि वू जांगचून ह्यांच्या चरित्रातून हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल.

१८९५ सालच्या ऑक्टोबरात सेऊलच्या राजवाड्यात घुसून जपानी मारेकऱ्यांनी कोरियाची राणी मिन हिची हत्या केली. त्या कटात काही कोरियन लष्करी अधिकारीही सामील होते. त्यांपैकी वू बोमसन हा एक. तो जपानात पळाला, तेथेच त्याने एका जपानी स्त्रीशी लग्न केले, आणि १८९८ साली तोक्योत त्याला मुलगा झाला. तो हा जांगचून. मुलगा पाच वर्षांचा असताना, १९०३ साली, राणीचा सूड घेण्यासाठी आलेल्या एका कोरियन माणसाने कुरे गावी बापाचा खून केला. आई निर्धन झाली. काही काळ मुलाला एका बौद्ध मंदिराच्या अनाथालयात ठेवावे लागले. जपानी मुलांच्या लेखी तो कोरियन. कोरियाच्या लेखी तो देशद्रोह्याचा पोर. असा हा मुलगा शिकला, तोक्यो विद्यापीठाच्या कृषिशाखेतून १९१९ साली बाहेर पडला आणि सरकारी शेतकी संशोधन केंद्रात नोकरीस लागला. पुढे व्यवहारासाठी त्याने सुनागा हे जपानी आडनाव घेतले, परंतु शास्त्रीय निबंधांवर तो बापाचेच नाव लिहीत राहिला. 'वू' ह्या आडनावाचा जपानी उच्चार नुसता 'उ' असा होतो. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आजही ह्या माणसाचे नाव एका अक्षराचे आहे.

वू यांनी प्रथम पेटुनियाच्या फुलांवर काम केले. दुहेरी पाकळ्यांच्या पेटुनियाचे बी त्या वेळी अमेरिकेत सोन्याच्या मोलाने विकले जाई, असे सांगतात. त्या कामाची बरीच टिपणे कोनोसूच्या केंद्राला लागलेल्या आगीत जळाली आणि वू मोहरीच्या कुळाकडे वळले. हे कुळ आपल्या स्वयंपाकघरातच नांदते आहे. कोबी, फुलकोबी, नवलकोल ही एकाच जातीची भावंडे. सलगम, सरसू आणि पानांचा उभट गड्डा धरणारा चिनी कोबी ही दुसऱ्या जातीची. फोडणीतली मोहरी तिसऱ्या जातीची. ही सगळी एकमेकांना नात्याने काय लागतात, हा प्रश्न होता.

प्रत्येक सजीवाच्या पेशींत रंगसूत्रांच्या ठराविक जोड्या असतात. कोबीत त्या ९, चिनी कोबीत १०, काळ्या मोहरीत ८. आपल्या फोडणीच्या मोहरीत मात्र १८ जोड्या सापडतात, आणि १८ म्हणजे ८ अधिक १०. तेलासाठी युरोपात लावतात त्या रेपच्या बियांत १९, म्हणजे ९ अधिक १०. इथिओपियातल्या मोहरीत १७, म्हणजे ८ अधिक ९. मोरिनागा ह्या जपानी शास्त्रज्ञाने ह्या बेरजा आधी मांडल्या होत्या. पण बेरीज जुळली म्हणून नाते सिद्ध होत नाही. वू यांनी कोबीच्या जातीचा आणि सलगमाच्या जातीचा प्रत्यक्ष संकर केला आणि निसर्गाने केव्हा तरी घडवलेली १९ जोड्यांची वनस्पती आपल्या कुंडीत पुन्हा घडवून दाखवली. १९३५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. तीन मूळ जाती तीन कोपऱ्यांवर आणि त्यांच्या संकरातून निघालेल्या तीन जाती तीन बाजूंवर, अशी जी आकृती त्यातून निघाली, तिला 'उ'चा त्रिकोण म्हणतात. नवी जाती जुन्या जातीला फाटे फुटूनच निर्माण होते असे नाही, दोन जाती एकत्र येऊनही ती होते, हे त्याने पटवले. २०१४ साली रेपच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले, तेव्हा ८० वर्षांपूर्वीचे हे गणित अक्षरशः बरोबर निघाले.

असे संकर दरवेळी मनासारखे होतात असे मात्र नाही. रशियात कार्पेचेन्को ह्या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मुळा आणि कोबी ह्यांचा संकर साधला. वर कोबीचा गड्डा आणि खाली मुळा असे झाड मिळाले तर एका जागेत दोन भाज्या होतील, हा हिशेब. झाड मिळाले, त्याला पाने मुळ्याची आणि मुळे कोबीची होती. शास्त्राच्या दृष्टीने तो विजय मोठा होता, स्वयंपाकघराच्या दृष्टीने शून्य. कार्पेचेन्कोचा शेवट दुःखद झाला. स्टालिनच्या राजवटीने १९४१ साली त्याला गोळ्या घातल्या.

१९३७ साली वू यांनी सरकारी नोकरी सोडली. १९३६ साली डॉक्टरेट मिळवलेल्या ह्या कोरियन माणसाला वरच्या जागेवर घेण्याची तेथे कोणाची इच्छा नव्हती. क्योतोच्या टाकीई नावाच्या बियाण्याच्या पेढीने त्यांना आपल्या नागाओकाच्या संशोधन-शेतावर प्रमुख म्हणून नेले, आणि येथे आपल्या विषयाचा गाभा येतो.

मक्याच्या संकरित बियाण्याचे यश अमेरिकेने दाखवून दिले होते. दोन शुद्ध वाणांचा संकर केला की पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी निपजते. मक्यात हे सोपे आहे, कारण त्याचा तुरा शेंड्यावर आणि कणीस कुशीत असते. तुरा खुडला की ते झाड नुसती मादी. कोबीच्या इवल्याशा फुलात मात्र केसर आणि बीजकोश शेजारी शेजारी. एकेका फुलातले केसर चिमट्याने काढून बी तयार करायचे ठरवले, तर मजुरीच इतकी होईल की ते बी विकत कोण घेणार?

ह्यावर उपाय निघाला तो कोबीच्या एका खोडीतून. कोबीचे फूल स्वतःच्या झाडाचा पराग स्वीकारत नाही. परक्या झाडाचा पराग पडला तर तो रुजतो, स्वतःचा पडला तर तो वरच्या वर अडवला जातो. आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध मानतात, तसाच हा प्रकार. म्हणजे दोन वेगवेगळे वाण एकाआड एक ओळींत लावले आणि मधमाश्या सोडल्या की जे बी धरेल ते सगळे संकराचेच असणार. केसर खुडायला नको. कॅलिफोर्नियातल्या पिअर्सनने १९३२ साली ह्या खोडीचा बियाण्यासाठी उपयोग करता येईल असे मांडले होते. पण त्यात एक अडचण होती. जे झाड स्वतःचा पराग घेतच नाही, त्याचा वाण शुद्ध करावा कसा, आणि वर्षानुवर्षे टिकवावा कसा?

त्याला तोड सापडली ती कळीत. फूल उमलण्याच्या दोन-चार दिवस आधी, कळी हिरवी असताना, हा पहारा अजून बसलेला नसतो. कळी नखाने हळूच उघडून तिच्यात त्याच झाडाचा पराग लावला, तर तो रुजतो. हे काम हातानेच करावे लागते, पण ते आईबापांच्या थोड्या झाडांपुरतेच. विकायचे बी पुढे मधमाश्या तयार करतात. टाकीईने १९५० साली ह्या रीतीने केलेले कोबीचे आणि चिनी कोबीचे संकरित वाण बाजारात आणले. वू तेव्हा तेथे नव्हते. ते १९४५ सालीच पेढीतून बाहेर पडले होते, म्हणून त्याचे सगळे श्रेय त्यांना देणे न्यायाचे होणार नाही. त्या शेतावर विचाराची जमीन नांगरली ती मात्र त्यांनीच.

आता कोरियाकडे वळू. १९१० पासून ३५ वर्षे तो देश जपानच्या ताब्यात होता. भाजीपाल्याचे चांगले बी जपानी पेढ्यांकडून येई. १९४५ साली जपानी गेले, आणि त्यांच्याबरोबर बीही गेले. कोरियन माणसाला ह्याचा अर्थ काय झाला हे समजायला किमची म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. चिनी कोबीचे गड्डे उभे चिरून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचे, निथळून त्यांच्या पानापानांत मिरची, लसूण, आले, मुळ्याचा कीस आणि खारवलेली मासळी भरायची, आणि मातीच्या रांजणात दाबून तो रांजण अंगणात पुरायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात आळीतल्या बायका मिळून पापड-कुरडया करतात, तसा तेथे हिवाळ्याच्या तोंडी हा सोहळा चालतो. त्याला गिमजांग म्हणतात, आणि २०१३ साली युनेस्कोने त्याची मानवजातीच्या वारशात नोंद केली. जमीन गोठलेली असताना घरात हिरवे असे दुसरे काहीच नसे. तीन-चार महिने तेच लोणचे, तीच भाजी. इडलीचे पीठ आंबवणारे ल्युकोनोस्टॉक नावाचे जे सूक्ष्मजंतू आहेत, त्यांचेच भाऊबंद किमची आंबवतात. तेव्हा आपल्याला ती अगदीच परकी समजण्याचे कारण नाही.

चिनी कोबीचे बी घरी धरणे सोपे नाही. मधमाशी कोसभर उडते, आणि शेजारच्या शेतातला सलगम किंवा सरसू त्याच जातीचा असल्याने त्याचा पराग घेऊन येते. दोन पिढ्यांत गड्डा बांधला जाईनासा होतो. जपानलाही हा अनुभव आलाच होता. चीनच्या युद्धातून परतलेल्या शिपायांनी बी आणले, पण वाण काही टिकेना. अखेर १९२० च्या सुमारास मात्सुशिमाच्या उपसागरातल्या बेटांवर, इतर कोणत्याही सरसूपासून दूर, बी धरले तेव्हा कोठे तो जपानात स्थिर झाला. कोरियात १९४५ नंतर अशी तजवीज करणारे हातच नव्हते.

मग कोरियन लोकांनी वू यांना परत आणण्यासाठी चळवळ सुरू केली. राणीच्या मारेकऱ्याच्या मुलाला बोलवायचे, ही गोष्ट लहान नव्हती. कुटुंबाच्या निर्वाहासाठी म्हणून त्यांना १० लाख येन पाठवण्यात आले. त्या पैशाचे वू यांनी बी, पुस्तके आणि साधने घेतली, असे सांगतात. पत्नी आणि सहा मुलांना क्योतोत ठेवून १९५० च्या मार्चमध्ये ते एकटे पुसानला उतरले. वय ५१. वडिलांच्या देशाची भाषा त्यांना धड बोलता येत नव्हती, आणि शेवटपर्यंत ती नीट आली नाही. पुसानजवळ दोंगनेला त्यांच्यासाठी संशोधन संस्था उभारली होती. तीन महिने झाले आणि युद्ध पेटले. उत्तरेच्या फौजा पुसानच्या आसपासचा कोपरा सोडून बाकी जवळजवळ सगळा दक्षिण कोरिया व्यापून बसल्या. त्या उरलेल्या कोपऱ्यात ही संस्था होती. मला ह्याचे नेहमी नवल वाटते की, तोफा इतक्या जवळ असताना हा माणूस कोबीचे गड्डे निवडत बसला होता.

त्यांनी काय केले, हे त्यांच्या देशातही पुष्कळांना धड माहीत नाही. शाळेतल्या मुलांना बिनबियांचे कलिंगड काढणारे ते वू, एवढेच पाठ असते. ती गोष्ट मुळात खोटी. ते कलिंगड जपानच्या किहारा हितोशींचे. शास्त्राने काय साधते हे शेतकऱ्यांना डोळ्यांनी दिसावे म्हणून वू यांनी ते लावून दाखवले, आणि दाखवणाऱ्याच्या नावावर चढले. खरे काम अगदी नीरस होते. गावोगावचे कोबी आणि मुळे गोळा करायचे, लावायचे, वाईट ते उपटायचे, बरे ते एकांतात ठेवून बी धरायचे, पुन्हा लावायचे. संकर करण्याची विद्या हाती असून त्यांनी आरंभ केला तो साध्या, स्थिर वाणांपासून. शेतकऱ्याला बी ह्याच हंगामात हवे होते, आणि संकराला शुद्ध आईबाप तयार व्हायलाच कित्येक वर्षे लागतात. ह्या धीरातच मला त्यांचे मोठेपण दिसते. १९५० चे दशक संपेपर्यंत कोबी-मुळ्याच्या बियांसाठी कोरियाला जपानच्या तोंडाकडे पाहण्याची गरज उरली नाही. बटाट्याचे निरोगी बेणे, जेजू बेटावरची संत्री ही कामे त्याच काळातली. पायांत रबरी जोडे घालून शेतात उभा असणारा हा माणूस लोकांत 'रबरी जोड्यांचा डॉक्टर' म्हणून ओळखला जाई.

१९५३ साली जपानात त्यांची आई वारली. सरकारने त्यांना जाऊ दिले नाही. गेले तर परत येणार नाहीत, अशी धास्ती. ठिकठिकाणाहून सांत्वनाचे पैसे आले. वू यांनी त्यातून संस्थेच्या आवारात विहीर खोदली, कारण संस्थेला पाण्याची टंचाई होती, आणि तिला 'मायेच्या दुधाचा झरा' अशा अर्थाचे नाव दिले. ती विहीर दोंगनेला आहे. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ते आजारी पडून रुग्णालयात होते, तेव्हा सरकारने त्यांना सन्मानपदक दिले. देशाने अखेर आपल्याला ओळखले, असे त्यांनी तेव्हा म्हटल्याचे सांगतात. तीन दिवसांनी, १० ऑगस्टला, ते वारले. सुवोनला त्यांची समाधी आहे.

त्यांच्या मागोमाग, १९६० साली, त्यांच्या शिष्यांनी कोरियाचा पहिला संकरित चिनी कोबी बाहेर काढला, तो कळी उघडण्याच्या ह्याच युक्तीने. ह्या संकराला किमचीच्या कसोट्या लावलेल्या होत्या, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पान फार पाणीदार असेल तर मिठात ते लिबलिबीत होते. देठाची शीर फार जाड असेल तर मीठ आत शिरत नाही. गड्डा सैल असेल तर पाने सुटतात, फार घट्ट असेल तर मसाला भरता येत नाही. आतली पाने पिवळी आणि गोडसर हवीत. पुढे उन्हाळ्यात गांगवॉनच्या डोंगरपठारावर येणारे, वसंतात अकाली फुलांवर न जाणारे असे वाण निघाले आणि किमची बाराही महिन्यांची झाली.

एकसारखेपणाचे महत्त्व कारखाना आल्यावर कळते. घरची बाई लहानमोठे गड्डे हाताने सांभाळून घेते. हजार गड्डे एकाच हौदात एकाच मुदतीपर्यंत खारवायचे असले, तर ते एका आकाराचे, एका जाडीचे आणि एकाच आठवड्यात तयार झालेले लागतात. १९६० च्या दशकात दक्षिण कोरियाचे सैन्य व्हिएतनाममध्ये लढत होते. शिपायांना किमचीवाचून जेवण जाईना, तेव्हा ती डब्यांत भरून पाठवण्याची खटपट झाली, आणि राष्ट्राध्यक्ष पार्क यांनी १९६७ साली अमेरिकेच्या अध्यक्षांशी त्यासाठी पत्रव्यवहार केला. अंगणातला रांजण कारखान्यात गेला तो असा. २००१ साली किमचीचे आंतरराष्ट्रीय अन्नमानकही ठरले.

आता ह्या विद्येची दुसरी बाजू. संकरित बी शेतकऱ्याने घरी धरले तर पुढच्या वर्षी त्याची फाटाफूट होते. बी दरसाल विकत घ्यावे लागते. ह्यात शेतकऱ्याचा तोटा आहे, तसा भरघोस आणि खात्रीच्या पिकाचा नफाही आहे. तो हिशेब ज्याचा त्याने करावा. परंतु देशाचा हिशेब वेगळा. संकराची किल्ली दोन आईबापांत असते. ते बाजारात कधी येत नाहीत, पेढीच्या कपाटात असतात. कपाटाचा मालक बदलला की किल्लीचा मालक बदलतो. कोरियात हेच झाले. १९९७ साली तेथे मोठे आर्थिक संकट कोसळले. त्याच्या आगेमागे, वर्ष-दीड वर्षाच्या अवधीत, देशातल्या प्रमुख बियाणे-पेढ्या परक्यांनी घेतल्या. हुंगनोंग आणि जुंगआंग ह्या सेमिनिस ह्या परदेशी कंपनीकडे गेल्या, सेऊल बियाणे नोव्हार्टिसकडे, आणि चोंगवॉन जपानच्या साकाताकडे. वू यांनी जे बी जपानहून सोडवून आणले, त्याच्या वंशाचा एक वाटा असा ४० वर्षांनी पुन्हा जपानी पेढीच्या कपाटात गेला. ह्यात पाप कोणाचे नव्हते. विकणाऱ्याला पैशाची निकड होती आणि घेणाऱ्याजवळ पैसा होता.

सेमिनिस २००५ साली मोन्सॅन्टोने घेतली. २०१२ साली दोंगबू ह्या कोरियन उद्योगसमूहाने मोन्सॅन्टोच्या कोरियातल्या भाजी-बियाण्याच्या धंद्याचा काही भाग परत विकत घेतला. मुळा आणि किमचीचा कोबी त्यात आला. तिखट मिरचीचे काही नावाजलेले वाण मात्र सौद्यातून वगळले गेले. ते परक्यांकडेच राहिले.